कुणी ऐकत असेल तर

ड्यूई बित्सिलीने आपल्या सासूचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. भांडण? छे हो. भांडण असतं तर कधी ना कधी समोरासमोर आलेच असते. अमेरिकेच्या वाळवंटातल्या आम्हा नावाहो लोकांत सासू-जावई एकमेकांच्या नजरेस पडत नाहीत. सासूला आमच्या भाषेत जो शब्द आहे, त्याचा अर्थच मुळी ‘जिला बघायचं नाही ती’ असा. बघितलं तर डोळे जातात म्हणतात. पन्नाशी उलटली तरी ड्यूईला लांबच्या कड्यावर बसलेला ससाणा दिसायचा, म्हणजे गड्याने नेम नीट पाळला होता.

सासूचं नाव हानाबा. तिचं गोल मातीचं घर, म्हणजे होगान, टेकडीच्या पलीकडे आणि ड्यूईचं दोन खोल्यांचं घर अलीकडे. जागा हानाबाची, मेंढ्या हानाबाच्या. विहिरीवरची पवनचक्की तेवढी सरकारची, पण हुकूम तिथेही हानाबाचाच. आमच्यात लग्न झालं की पुरुष आपलं खोगीर उचलून बायकोच्या आईच्या जागेत राहायला येतो. तसा ड्यूई युद्धावरून आल्या आल्या आला आणि राहिला.

दोघांच्या मधे बायको. सगळा कारभार तिच्या तोंडून चालायचा.

“आई म्हणते, कुंपण पडलंय.”

“उद्या बघतो म्हणावं.”

बायको टेकडी चढून पलीकडे जायची आणि परत यायची. “आई म्हणते, आज काय धाड भरलीय?”

आता हानाबा खरोखर एवढंच म्हणायची की याहून जास्त, ते बायकोलाच माहीत. दोन्हीकडचं तिखट ती टेकडीवरच सांडून यायची. विहिरीची वाट ड्यूईच्या अंगणातून जात होती. म्हातारी मेंढ्या घेऊन निघाली की बायको ओरडायची, “आई येतेय!” की ड्यूई हातातल्या कॉफीच्या पेल्यासकट लाकडांच्या ढिगामागे. मेंढ्या गेल्या, म्हातारी गेली, की बायको म्हणायची, “या बाहेर, शूर वीर.” मूलबाळ काही झालं नाही. दोघं एकमेकांना पुरून उरली.

मग ती गेली. चिन्ली गावच्या दवाखान्यात, शरदात. तिचं नाव मी घेणार नाही आणि तुम्हीही विचारू नका. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन त्याला माघारी बोलवायचं नसतं.

ड्यूई रडला नाही. पहिले दिवस त्याला वाटलं, येईल रडू, वेळ लागत असेल. आलंच नाही. तो काउंटीच्या रस्ते खात्यात ग्रेडर चालवायचा. मातीच्या रस्त्यांवर पाऊस-बर्फाने ज्या खाचा पडतात, त्या यंत्राच्या मोठ्या पात्याने खरवडून सपाट करायच्या. रस्ता सपाट झाला की चार दिवसांत पुन्हा खाचा. माणसं हातवारे करून नमस्कार करायची, हाही हात वर करायचा. घरी येऊन गार मटण गार रोटीत गुंडाळून उभ्या उभ्या खायचा. आधी त्याला वाटलं, मीठ राहिलं असेल, म्हणून त्याने वरून घातलं. तरी काही कळेना. मग घालणंच सोडून दिलं. बूट काढायचे राहून जायचे, दोन-दोन दिवस. दुखतंय म्हणावं तर दुखत नव्हतं. दात काढल्यावर गाल असतो ना, आपलाच पण आपला नसलेला, तसा तो अख्खा झाला होता.

आणि त्यात एक प्रश्न लोंबकळत होता, जो कुणी विचारत नव्हतं. बायको गेली की पुरुषाने त्या जागेत राहायचं कशाच्या नात्याने? ज्या दोरीने बांधला होता ती तुटली. सहसा माणूस आपलं सामान उचलतो आणि आपल्या कुळाच्या माणसांत, आईच्या नाहीतर बहिणीच्या दारात परत जातो. ड्यूईची थोरली बहीण फ्लोरा शिपरॉक गावाजवळ राहायची. तिने निरोप पाठवला होता, हिवाळा जाऊ दे, मी न्यायला येते.

जायचं की राहायचं, हे सांगणार कोण? हानाबा. आणि हानाबाला विचारणार कोण? जी विचारायची ती तर गेली. म्हातारीचा अंदाज घ्यावा तर तीही अवघड. लेक गेल्यापासून ती अंगणातली वाट सोडून ओढ्याच्या बाजूने, लांबच्या वळणाने मेंढ्या विहिरीवर न्यायला लागली होती. त्यामुळे ड्यूईवर लाकडामागे जायची वेळच येईना. आता ती जावयाला टाळत होती, की लेकीच्या घराला? जावई म्हणून टाळत असेल तर तो अजून तिचा जावई होता. घराला टाळत असेल तर तो कुणीच नव्हता. ड्यूईला हे कळून घ्यायचं होतं आणि नव्हतंही. विचारलं तर उत्तर मिळेल, याचीच त्याला भीती वाटायची. तेवढी एक भीती सोडली तर बाकी काही वाटत नव्हतं.

त्या वर्षी आमच्याकडे सीबी रेडिओची, म्हणजे एकाने बोलायचं आणि सगळ्यांनी ऐकायचं अशा बिनतारी यंत्रांची, साथ आली होती. टेलिफोनची तार चिन्लीच्या पुढे काही आली नाही, पण पिकअपमध्ये, दुकानात, मेंढ्यांच्या तळावर जिकडे-तिकडे रेडिओ खरखरायला लागले. हानाबाच्या भाच्याने म्हातारी एकटी पडली म्हणून तिच्या होगानमध्येही एक बसवून दिला, जुन्या ट्रकच्या बॅटरीवर. म्हातारीने पंधरा दिवस त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. एका सकाळी ड्यूई ग्रेडरला डिझेल भरत होता, तेव्हा शेजारी उभ्या त्याच्या पिकअपमधून आवाज आला.

“कुणी ऐकत असेल तर, पीठ संपलंय.”

आवाज त्याच्या ओळखीचा होता. टेकडीवरून मेंढ्यांना शिव्या घालताना त्याने तो तीस वर्षं ऐकला होता. पण त्याच्यासाठी आलेला शब्द असा हा पहिलाच. जावयाशी थेट बोलायचं नाही, नाव घ्यायचं नाही, म्हणून म्हातारीने ही युक्ती काढली होती, वाऱ्यावर बोलायचं. ज्याने समजायचं तो समजेल.

समजले सगळेच. दरीतल्या प्रत्येक रेडिओवर तेच ऐकू गेलं होतं आणि ऐकत तर सगळेच होते! संध्याकाळच्या आत शेजारची एल्सी लेफ्टहँड पिठाचं पोतं घेऊन हजर. शाळेतली स्वयंपाकीण एक पोतं देऊन गेली. चर्चचा पाद्री एक पोतं आणि वर एक प्रार्थना देऊन गेला. ड्यूईने आपलं पोतं पवनचक्कीच्या खांबाशी ठेवलं ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी रेडिओ बोलला, “कुणी ऐकत असेल तर, पुरे.”

पुढच्या आठवड्यात मेंढा ओढ्याच्या चिखलात रुतला. “कुणी ऐकत असेल तर” म्हटल्याबरोबर अर्धी दरी दोर घेऊन काठावर जमली. कुणी म्हणे शिंगाला बांधा, कुणी म्हणे पोटाला. मेंढा या गर्दीला इतका भ्याला की आपला आपणच उडी मारून बाहेर आला आणि पाद्र्याला पाडून गेला.

सगळ्यात मोठं संकट एल्सी. ती कुळाने ड्यूईची आतेबहीण लागायची आणि मामेभावाला टोमणे मारणं हा तर आमच्यात हक्कच आहे. तिचा रेडिओ चुलीशेजारी होता, तो झोपताना तेवढा बंद व्हायचा. म्हातारीने “कुणी ऐकत असेल तर” म्हणायचा अवकाश.

“मी ऐकतेय, मावशी!”

“तुला नाही म्हटलं.”

“मग कुणाला म्हटलं?”

खरखर ऐकू यायची आणि मग रेडिओ बंद.

ड्यूईला युद्धातलं आठवलं ते असं. तो दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या मरीन फौजेत होता, बिनतारी यंत्रावर. नावाहो भाषेत निरोप द्यायचे आणि जपान्यांनी कान फाटेस्तोवर ऐकत बसायचं. शाळेत हीच भाषा बोललं की साबणाने तोंड धुवायचे वगैरे गोष्ट हल्ली सगळेच सांगतात. मला तिचा कंटाळा आलाय, मी सांगत नाही. सांगायचं ते वेगळं. नुसती नावाहो भाषा पुरली नव्हती. एखादा नावाहोच शत्रूच्या हाती लागला तर? म्हणून त्या पोरांनी भाषेच्या आत दुसरी भाषा केली. रणगाडा म्हणायचं नाही, कासव म्हणायचं. हातबॉम्ब म्हणजे बटाटे. मोठे बॉम्ब म्हणजे अंडी. टेहळणीचं विमान म्हणजे घुबड. साध्या नावाहो माणसाने ऐकलं असतं तर म्हणाला असता, यांना ऊन लागलंय. युद्ध संपल्यावर बरीच वर्षं ते बोलायचं नाही असा हुकूम होता. मग सरकारने एक दिवस गुपित उघडं करून टाकलं. ड्यूईने बायकोलाही फारसं काही सांगितलं नव्हतं. “रेडिओवर होतो,” एवढंच.

आता तेच उपयोगी होतं. एल्सीपुढे जपान्यांची काय कथा! पण म्हातारीला शिकवायचं कसं? रेडिओवर शिकवलं तर सगळी दरी शिकेल. घरात नाचाची गाणी भरायचं एक कॅसेटचं यंत्र होतं, तसंच म्हातारीकडेही एक होतं. ड्यूईने खणातून एक जुनी कॅसेट काढली आणि टेबलाशी बसून बोलला, कुणालाच उद्देशून नाही असं, भिंतीकडे बघत.

“एखाद्याला शेजाऱ्यांच्या कानाआड बोलायचं असेल, तर असं बोलता येईल. युद्धात पोरं हातबॉम्बला बटाटा म्हणायची, तसं. पिकअप म्हणजे कासव. पिठाची पोती म्हणजे अंडी. पाण्याची पिंपं म्हणजे लोखंडी मासे. आधी ‘सरडा’ म्हणायचं, म्हणजे ज्याने ऐकायचं तो ऐकेल. आणि एल्सी म्हणजे घुबड.”

कॅसेट त्याने कॉफीच्या डब्यात घालून पवनचक्कीच्या खांबाशी ठेवली. दोन दिवसांनी डबा परत तिथंच. दुसऱ्या बाजूवर म्हातारीचा आवाज होता.

“हे शब्द कुणी केले म्हणायचे? हातबॉम्बला बटाटा? बटाटा खायची वस्तू आहे. ज्यांनी केलं ती पोरं उपाशी असणार. सारखं अंडं, बटाटा, मासा. आणि मासा कधी लोखंडाचा असतो? मी मासा पाहिला नाही आणि मला पाहायचाही नाही. कासव मात्र बरोबर आहे. त्या पिकअपचा वेग तसाच आहे. घुबडाचं म्हणाल तर...” यंत्रात तिचा श्वास भरला होता. “घुबड चांगलं आहे.”

खरंच उपाशी होती ती पोरं. अठरा-एकोणीस वर्षांची, बेटावर डबाबंद जेवणाला कंटाळलेली. हे तीस वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ड्यूईला वाटलं, इथे हसायला हवं. त्याने तोंड हसल्यासारखं करून पाहिलं.

म्हातारीचं बोलणं संपलं तरी कॅसेट फिरतच होती. खरखर. मग एकदम, जवळून, जुना आवाज आला. बायकोचा. यंत्र नवीन आणलं तेव्हा तिने ते असंच चालू ठेवलं असावं. “मीठ कुठे ठेवलंस?” ती म्हणत होती. “तुला विचारतेय, मीठ कुठाय?” मागे भांडं वाजलं. संपलं.

गेलेल्याचा आवाज ऐकायचा नसतो. दुसरा कुणी घाबरून घराबाहेर पळाला असता आणि तेच बरोबर झालं असतं. ड्यूई बसून राहिला. त्याला भीती वाटली नाही, दुःख झालं नाही, काहीच झालं नाही. आणि काही झालं नाही, याची मात्र त्याला फार भीती वाटली. त्याने कॅसेट थोडी मागे नेली, भरायचं बटण दाबलं आणि काही न बोलता टेबलाशी बसला. फीत संपेपर्यंत घराची शांतता त्यावर भरली. करायला हवं तेच त्याने केलं. म्हातारीने तो आवाज ऐकला होता की नाही, कळायला मार्ग नव्हता.

त्यानंतर रेडिओवर नवाच तमाशा सुरू झाला.

“सरडा. दोन अंडी. कासवाला सांगा, लोखंडी मासे रिकामे आहेत.”

“सरडा. मासे उद्या.”

आणि मग एल्सी. “मावशी, अंडी हवीत का? माझ्याकडे आहेत. मासे कुठले पण? आपल्याकडे मासे कुठे मिळतात?”

“सरडा. घुबड जागं आहे.”

दुकानात पैजा लागल्या. कुणी म्हणे ही दोघं मिळून खेड्यात हॉटेल काढतायत. हायवेवरून जाणारा एक गोरा ट्रकवाला मधेच घुसला, म्हणाला, काय हो, ही चिनी भाषा का? एल्सी त्याला इंग्रजीत म्हणाली, “हो, मी पेकिंगहून बोलतेय, तुझा मागचा टायर बसलाय.” ट्रकवाला थांबून उतरला म्हणतात. एल्सीनेच सांगितलं, तेव्हा खरं-खोटं देव जाणे.

म्हातारीला या खेळाची चटक लागली, हे आवाजावरून कळायचं. ती उगाचच मासे मागायला लागली. ड्यूई उत्तर द्यायचा, पाणी आणून ठेवायचा, डब्यात बघायचा. करायला काहीतरी होतं. पण एक गोष्ट त्याच्या लक्षात आल्यावाचून राहिली नाही. आमच्यात माणसाला नात्याने हाक मारतात. काका, मावशी, भाचा, अगदी परक्यालाही काहीतरी नातं लावतात. हानाबाने एवढ्या बोलण्यात त्याला एकदाही काही म्हटलं नव्हतं. आधी ‘कुणी’ म्हणायची, आता ‘कासव’. जावई हा शब्द त्या गुप्त भाषेत नव्हता आणि उघड भाषेत तो तिच्या तोंडून येत नव्हता.

बर्फ वितळायला लागलं आणि एल्सीने घोळ घातला. झालं असं की त्या दिवशी हानाबा सकाळपासून तीनदा म्हणाली, “घुबड इथेच बसलंय, हलत नाही.” एल्सी खरंच हलत नव्हती, रेडिओला चिकटून बसली होती. पण घुबड म्हणजे आमच्यात काय, हे लहान मूलही जाणतं. दाराशी घुबड बसलं म्हणजे मरण निरोप घेऊन आलं. आधीच लेक गेलेली! चुलीवरचा रस्सा तसाच टाकून एल्सी मंत्र जाणणाऱ्या म्हाताऱ्या मामाला पिकअपमध्ये कोंबून हानाबाकडे निघाली, सोबत मक्याचा पराग, जाळायला सिडर झाडाचा सुगंधी पाला. होगानच्या भोवती फिरून दोघांनी दगड मारून घुबड शोधलं. सापडेना. मग मामाने सिडर जाळला, पराग टाकला, हानाबाला मधे बसवून लांबलचक प्रार्थना केली. एल्सी शेजारी बसून डोळे पुसत होती. आणि म्हातारी? ती सांगणार काय, की बाई, घुबड तूच? ती खाली मान घालून प्रार्थना संपेपर्यंत बसली.

डब्यातल्या कॅसेटवर तिने हे सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, “घुबड रडत होतं. माझ्यासाठी. आता तो शब्द बदलावा म्हणते.”

ड्यूईला हसू येईलसं वाटलं. बाहेर आलं नाही.

पण एल्सी ती एल्सीच. दुसऱ्या दिवशी तिने ड्यूईला दुकानासमोर गाठलं.

“काय रे म्हाताऱ्या, तुझ्यासाठी कालचा दिवस मी कामी लावला बरं. मावशीला तोंडावर विचारलं, तो अलीकडचा अजून तुझा कोण लागतो म्हणून.”

ड्यूई पिकअपचं दार उघडत होता. ते त्याने तसंच धरून ठेवलं. “काय म्हणाली?”

“कॉफी ओतली.”

“पण म्हणाली काय?”

“अरे कॉफी ओतली म्हणजे काही म्हणाली नाही! उकळून काळी झालेली.” एल्सीने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि तिचा आवाज उतरला. “हे बघ, टोमणा मारत नाहीये. तुला काही म्हणायचं असतं तर तिने म्हटलं असतं. तुझी माणसं तिकडे आहेत ना रे.”

त्याने फ्लोराला निरोप पाठवला. ये म्हणून.

फ्लोरा आली ती रेडिओवर डंका पिटत. “भावाला न्यायला आलेय, रस्ता कसा आहे?” दरीभर तिने तीनदा विचारलं. रस्ता चांगलाच होता, आदल्या दिवशी ड्यूईनेच सपाट केला होता. ती अंगणात उतरली, भावाचे हात हातात घेतले, त्याच्या पायातल्या बुटांकडे बघितलं. मोठ्या बहिणी बघतात तसं.

“तिने राहा म्हटलं का?”

“नाही, ताई.”

“जा म्हटलं?”

“नाही.”

“मग काय म्हणते ती तुझ्याशी, एवढे दिवस?”

“अंडी म्हणते. मासे म्हणते.”

दोघांनी सामान भरायला घेतलं. सामान ते किती? पांघरुणं, खोगीर, हत्यारांची पेटी, कपबशा. ड्यूई एकेक वस्तू उचलून आणत होता आणि पिकअपच्या मागच्या भागात ठेवत होता, दुसऱ्याचंच सामान असल्यासारखं. चुलीची नळी काढायला तो स्टुलावर चढला आणि तिथंच थांबला. हात वर आणि नळी हातात. आपल्याला जायचं नाहीये, हे त्याला तेव्हा कळलं. इतक्या महिन्यांत काही वाटलं असेल तर ते हे. आणि ते सांगायला त्याच्याजवळ माणूस नव्हतं. फ्लोरा दारातून म्हणाली, “राहू दे ती नळी.” तो खाली उतरला.

फ्लोराच्या पिकअपचा रेडिओ चालूच होता.

“सरडा,” हानाबा म्हणाली.

ड्यूई अंगणात उभा राहिला.

“सरडा. कासव...” मग खरखर. मग म्हातारी जोरात खाकरली. “जाऊ दे तिकडे ते कासव. सगळे ऐकताय ना? एल्सी, तू ऐकतेस का?”

“ऐकतेय, मावशी.” एल्सीचा आवाज अगदी बारीक आला.

“ऐक नीट, आणि कुणी ऐकलं नसेल तर त्याला सांग. मी मेंढ्या घेऊन विहिरीवर निघालेय. टेकडीवरून, नेहमीच्या वाटेने. ओढ्याकडून जाऊन जाऊन माझे गुडघे गेले. माझा जावई अंगणात उभा असेल. त्याला म्हणावं, बाजूला हो. माझ्या नजरेला पडू नकोस. माझं वय झालंय, मला माझे डोळे हवेत. माझ्या जावयाला एवढं कळायला हवं.”

रेडिओ बंद झाला.

फ्लोरा पिकअपला टेकून उभी होती. तिने हातातली कपबशांची पेटी खाली ठेवली.

टेकडीवर धूळ दिसायला लागली होती. आधी शेळ्या, त्यांच्यामागे मेंढ्या. “अरे बघतोस काय,” फ्लोरा म्हणाली, “हो ना बाजूला!”

ड्यूई धावला. तेवढ्या वयात, त्या न काढलेल्या बुटांनिशी, धावत जाऊन लाकडांच्या ढिगामागे गेला आणि घराच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मेंढ्या अंगणात शिरल्या. त्यांचे खूर, त्यांचं बें-बें करणं, कुत्र्याचं धापा टाकणं त्याच्या पाठीमागून चाललं होतं, आणि त्यात म्हातारीची काठी टेकत टेकत येत होती. काठी ढिगापलीकडे थांबली. भिंत त्याच्या तोंडापासून वीतभर होती. तिच्यावर त्याने कपाळ टेकलं आणि त्याला रडू फुटलं. आवाज आवरेना. आवरायचा त्याने प्रयत्नही केला नाही. पलीकडे काठी तशीच थांबलेली होती, बराच वेळ. मग म्हातारीने एका मेंढीला सणसणीत शिवी हासडली आणि कळप विहिरीकडे हलला.

फ्लोराने खोगीर खाली उतरवलं होतं. “हे कुठे ठेवू रे?” तिने विचारलं.

“होतं तिथंच,” तो भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला. “अजून लांब नाही गेली माझी सासू.”